कारवान भरपूर खातो, तरी अंगी लागत नाही: तपासायला कुठून सुरुवात करायची

कारवान जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांची तक्रार साधारण याच शब्दांत येते. "कारवान घेतलाय. दोन्ही वेळा पोटभर खातो, पळतो, खेळतो, पण बरगड्या दिसतात. जंताचं औषध दिलं, कॅल्शियम दिलं, लिव्हरचं टॉनिक झालं. महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच." सोबत दोन-तीन फोटो असतात. त्यातले बरेच कुत्रे ठणठणीत असतात. काही मात्र खरंच आजारी असतात, आणि सगळा घोळ इथंच होतो: धडधाकट कुत्र्याला महिनोन्‌महिने औषधं चालू राहतात, आणि आजारी कुत्र्याचा मालक "अहो, ही जातच बारीक असते" असं ऐकून घरी परततो. तपासण्याचा क्रम ठरवून घेतला तर दोन्ही टाळता येतं.

आपण कुठल्या कुत्र्याबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. जत, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर या पट्ट्यात ज्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, तोच सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ म्हणून ओळखला जातो. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तो कॅरव्हान हाउंड आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे मुधोळ हाउंड. लातूरकडे मिळणारा कान-शेपटीला रेशमी केस असलेला पश्मी हा याच गोतावळ्यातला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पाचव्या जॉर्ज बादशहाला या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याचा किस्सा त्या भागात आजही सांगतात. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. एवढं कौतुक असूनही शहरातल्या दवाखान्यात रोज येतात ते लॅब्रॅडोर, पग आणि शिह त्झू. मग डॉक्टरांची नजर, चार्टवरची चित्रं आणि लॅबच्या रिपोर्टमधली 'नॉर्मल'ची मर्यादा, सगळं त्यांच्यावर बेतलेलं असतं. आपली निम्मी भानगड तिथून सुरू होते.

हात लावून बघा, फोटोवरून ठरवू नका

कारवान हा नजरेने सावज हेरून पळत गाठणारा कुत्रा. लांब अरुंद डोकं, खोल छाती, वर खेचलेलं पोट. अंगावर चरबी फार कमी आणि स्नायू भरपूर. मोठ्या नराची उंची ६५ ते ७२ सेंटिमीटर असते, पण वजन पंचवीस किलोच्या आसपासच राहतं. तेवढ्याच उंचीचा जर्मन शेफर्ड याच्या शेजारी उभा केला की हा उपाशी वाटणारच.

दिवसाउजेडी कुत्र्याला सपाट जमिनीवर उभा करा. बाजूने बघा. शेवटच्या तीन-चार बरगड्यांच्या रेघा दिसत असतील तर काही बिघडलेलं नाही. कमरेच्या हाडांची दोन टोकं वर जाणवणंही या जातीत चालतं. आता पाठीवर हात ठेवा. मणक्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट स्नायूंचे पट्टे लागले आणि मणका त्यांच्यामध्ये बसलेला वाटला तर उत्तम. मांडीचा मागचा भाग मुठीत धरून बघा, तो भरीव आणि कडक लागायला हवा.

खंगलेला कुत्रा हाताला वेगळा लागतो. मणका सुळक्यासारखा वर येतो, दोन्ही बाजूंना खोलगट होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या बरगड्या मोजता येतात आणि मधल्या जागेत खड्डे पडतात. डोळ्यांच्या वर, कानशिलांच्या जागी पोकळी दिसते. मांडी सपाट होते. केस राठ होतात, चमक जाते. यातलं काहीही आढळलं तर "जातच बारीक" हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

पश्मीच्या बाबतीत डोळ्यांवर अजिबात भरवसा ठेवू नका. केसांखाली काय चाललंय ते हातालाच कळतं.

वय विचारात घ्या. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कारवानचं पिल्लू नुसतं लांबाडं असतं. पाय कुठे संपतात आणि पोट कुठे सुरू होतं हेच कळत नाही. छाती भरायला दोन-अडीच वर्षं लागतात. दहा महिन्यांच्या पिल्लाची पाच वर्षांच्या नराशी तुलना करून टॉनिक सुरू करणारे लोक काही कमी नाहीत.

वजनाची वही

अंदाजाने वजन सांगू नका. दवाखान्यात काटा नसेल तर पेंडीच्या किंवा धान्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. कुत्र्याला उचलून स्वतः उभे राहा, मग एकट्याचं वजन घ्या, वजाबाकी करा. दर पंधरा दिवसांनी, खाण्याआधी, त्याच काट्यावर. मोठ्या कुत्र्याचं वजन दोन-तीन महिने तिथल्या तिथं असेल आणि तो मजेत पळत असेल तर तेच त्याचं वजन आहे. खाणं-पळणं न बदलता आकडा खाली सरकत असेल तर पुढचं सगळं वाचा.

जंत: औषध दिलं म्हणजे गेले असं नाही

वर्षातून एकदा जंताची गोळी ही आपल्याकडची सर्वांत सर्रास चूक. पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी बारा आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, आणि पुढे दर तीन महिन्यांनी, असा क्रम पशुवैद्य सांगतात. मोकळा हिंडणारा, मेंढरांमागे जाणारा कुत्रा असेल तर यात सूट नाही.

अंकुशकृमी रक्त पितात. विष्ठा डांबरासारखी काळी, हिरड्या फिकट, पिल्लू मलूल. आईच्या दुधातून पिल्लाला मिळतात, मातीतून कातडीवाटेही शिरतात. त्यामुळे कुत्र्याला औषध देऊन तो बांधायची जागा तशीच ठेवली तर महिनाभरात पहिले पाढे पंचावन्न. "महिनाभर बरं वाटतं" या वाक्यामागे पुष्कळदा हेच असतं. विष्ठा रोज उचला, जागा कोरडी ठेवा, ओली माती बदला.

पट्टकृमीची गोष्ट निराळी. शेपटीखाली किंवा विष्ठेवर तांदळाएवढे पांढरे तुकडे वळवळताना दिसतात. साध्या जंताच्या औषधाने ते जात नाहीत, त्यासाठी प्राझिक्वांटेल असलेली गोळी लागते. पिसवा गेल्या नाहीत तर ते परत येतात, कारण पिसू चावून गिळली की जंत आत. आणि मेंढरू कापल्यावर कच्ची आतडी-फुप्फुसं कुत्र्याला टाकायची पद्धत कृपया बंद करा. त्यातून कुत्र्याला होणारा बारीक पट्टकृमी कुत्र्याला फारसा त्रास देत नाही, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

गोळी देण्याआधी विष्ठेची तपासणी करून घेतलेली बरी. स्वस्त असते, आणि कुठला जंत हे कळलं की औषध नेमकं देता येतं.

ताटात काय पडतं?

"पोटभर खातो" म्हणजे काय खातो? बऱ्याच घरी उत्तर येतं, ज्वारीची भाकरी आणि दूध. पिढ्यान्‌पिढ्या या कुत्र्यांनी तेच खाल्लं हे खरं, पण ते शिवारातून स्वतःचं काहीबाही मिळवूनही खात होते. आज तोच कुत्रा साखळीला आहे. भाकरीने पोट भरतं, स्नायूंना लागणारं प्रथिन त्यातून पुरेसं मिळत नाही. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध नीट पचत नाही आणि शौच सैल होतं, तो वेगळा ताप. भाकरी ठेवा, पण सोबत उकडलेलं चिकन, उकडलेली अंडी, थोडी कलेजी असू द्या. ताक-दही दुधापेक्षा सोसतं. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या फाका होऊन आतडं फाटतं.

रात्रीचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतण्याचा मोह आवरा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. रोज थोडा थोडा गेला तरी रक्त कमी होत जातं, आणि मालक रक्तवाढीचं टॉनिक शोधत फिरतो. तासगाव-पंढरपूरकडच्या वाचकांसाठी एक जादा सूचना: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. शेडवर राखणीला ठेवलेल्या कुत्र्याला बेदाणे चाटायला मिळतात, तिकडे लक्ष असू द्या.

पिल्लांना कॅल्शियमचं सिरप देण्याचं वेड फार आहे. तयार पपी फूड देत असाल तर वरून कॅल्शियम देऊ नका. वाढत्या मोठ्या पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, आणि त्याने हाडं-सांधे बिघडतात. उलट नुसत्या भात-चिकनवर वाढणाऱ्या पिल्लाला ते कमी पडतं. म्हणजे घरचं खाणं असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं, शेजाऱ्याला विचारून नाही.

खाणं वाढवायचं तर हळूहळू, आधीच्या दहा-पंधरा टक्क्यांनी, आणि पंधरा दिवस थांबून काट्यावर बघायचं. एकदम वाटीभर तूप ओतलं तर जुलाब होतात, वरून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका. कुत्रा अधाशासारखा खातोय, विष्ठा मात्र ढिगाने, फिकट, तेलकट आणि भयंकर वासाची, असं असेल तर स्वादुपिंडातून पाचकरस येत नसल्याची शंका घ्या. त्याची उपाशीपोटी करायची टीएलआय नावाची रक्ततपासणी असते. निदान झालं तर पाचकरसाची पावडर अन्नात मिसळून द्यावी लागते, बहुधा जन्मभर.

"अंग धरायचं इंजेक्शन" कुणी सुचवलं तर त्यात काय आहे ते विचारा. स्टेरॉइड असेल तर कुत्रा जास्त खाईल, पाणी जास्त पिईल, चार दिवस भरल्यासारखा दिसेल. आतून मात्र स्नायू झडत जातात आणि दडलेला आजार मोकाट सुटतो.

गोचीड ताप आणि फसवा रिपोर्ट

इथं जरा सावकाश वाचा, कारण सर्वांत जास्त गोंधळ याच टप्प्यावर होतो.

आपल्याकडच्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन रोग पसरवते. जोरात आले तर ताप, नाकातून रक्त, गडद लघवी, सगळं समोर दिसतं. पण हे रोग रेंगाळलेल्या स्वरूपातही राहतात. कुत्रा खातो, थोडा पळतो, लवकर दमतो, आणि महिन्यागणिक बारीक होत जातो. जंत-खाणं सगळं नीट असूनही वजन उतरत असेल तर पहिला संशय यांचाच.

मग रक्त तपासतात, आणि रिपोर्टवर कारवान दोन्ही बाजूंनी फसवतो. नजरेने शिकार हेरणाऱ्या या घराण्यातल्या कुत्र्यांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झालाय तो ग्रेहाउंडवर. खालचे आकडे त्याचे आहेत, पण याच बांध्याच्या कारवानसाठी दिशादर्शक म्हणून उपयोगी पडतात.

पीसीव्ही म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण. लॅबच्या कागदावर साधारण ३७ ते ५५ ही मर्यादा छापलेली असते. ग्रेहाउंडचं प्रमाण ५० ते ६५ पर्यंत असतं, कारण वेगात पळायला प्राणवायू भरपूर लागतो. म्हणजे अशा कुत्र्याचं पीसीव्ही ३९ आलं तर रिपोर्टवर लाल खूण येत नाही, सगळं 'नॉर्मल' दिसतं, आणि कुत्र्याच्या अंगात मात्र रक्त कमी असतं. रेंगाळलेला बबेसिया असाच निसटतो.

प्लेटलेट्सचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचं, उलट. इतर कुत्र्यांत दोन लाखांच्या वर, ग्रेहाउंडमध्ये दीड लाख किंवा त्याहून थोड्या कमी असल्या तरी तो धडधाकट असू शकतो. असा आकडा दिसला की "गोचीड ताप" म्हणून डॉक्सिसायक्लिनचा महिन्याचा कोर्स सुरू होतो. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा दीड लाख, पुन्हा कोर्स. कुत्र्याला रोग नव्हताच.

मग ठरवायचं कसं? एका आकड्यावर कधीच नाही. ताप मोजा, गुदद्वारातून घेतलेलं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असायला हवं. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. डॉक्टरांना प्लीहा वाढलीय का ते बघायला सांगा. कानाच्या टोकाच्या रक्ताची काच करून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते, आणि शंका उरली तर पीसीआर, म्हणजे रक्तात खुद्द जंतूचा अंश शोधणारी तपासणी. दवाखान्यातल्या झटपट किटवर 'पॉझिटिव्ह' आलं तर तो अँटिबॉडीचा आहे का ते विचारा. अँटिबॉडी रोग बरा झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात.

किडनीचं काम बघायला मोजतात ते क्रिएटिनिनही या घराण्यात थोडं जास्त येतं, स्नायू जास्त म्हणून. तेवढ्यावर किडनीचं पथ्य सुरू करून प्रथिनं तोडली तर कुत्रा खरंच खंगेल. आधी लघवीची तपासणी करा.

आणि थायरॉईड. ग्रेहाउंड, सलुकी, स्लोगी, व्हिपेट या सगळ्यांत टी-४ हे थायरॉईडचं संप्रेरक जन्मजात कमी सापडतं, इतकं की कधीकधी मशीनला मोजताही येत नाही. रिपोर्टवर बाण खाली, लगेच गोळी चालू. जरा विचार करा, खरोखर थायरॉईड कमी असलेला कुत्रा सुटतो, सुस्तावतो, थंडी टाळतो. बारीक कुत्र्याला थायरॉईडची गोळी दिली तर तो आणखी बारीक होईल. नुसत्या टी-४ वर निदान मान्य करू नका, टीएसएच आणि फ्री टी-४ सोबत बघायला सांगा. दुसरा कुठलाही आजार अंगात असला तरी टी-४ खाली जातं, हेही ध्यानात असू द्या.

या सगळ्यावर मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कुत्रा अडीच-तीन वर्षांचा, अगदी तंदुरुस्त असताना एकदा संपूर्ण रक्त तपासून घ्यायचं आणि तो कागद जपून ठेवायचा. पीसीव्ही, प्लेटलेट्स, क्रिएटिनिन, टी-४, वजन आणि त्या दिवशीचे बाजूने-वरून काढलेले फोटो. पुढे कधीही तुलना करायची ती या कागदाशी. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी हा कागद बोलतो. कारवान पाळणारे कुत्र्याच्या पट्ट्यावर हजारो रुपये घालतात आणि या एका तपासणीला टाळाटाळ करतात, याचं मला कोडं आहे.

नसबंदी किंवा टाके घालायचे असतील तर

वजनाशी याचा थेट संबंध नाही, पण चरबी कमी असण्याचा प्रश्न पुढे इथं येतोच. थायोपेंटोन हे जुनं, स्वस्त भुलीचं औषध दिल्यावर ग्रेहाउंड तासन्‌तास उठत नाहीत. पूर्वी सगळा दोष चरबीच्या अभावाला देत, नंतर कळलं की यकृतातलं एक विकर या कुत्र्यांत मंद चालतं आणि औषध अंगातून लवकर बाहेर पडत नाही. तेव्हा आधीच सांगा, "हा ग्रेहाउंडच्या घराण्यातला आहे, थायोपेंटोन नको." पर्याय आहेत आणि तुमच्या डॉक्टरांना ते माहीत असतात, फक्त समोरच्या कुत्र्याची जात कुठली हे त्यांना ठाऊक हवं. टेबलावर आणि उठेपर्यंत अंगावर पांघरूण असू द्या, हे कुत्रे फार लवकर थंड पडतात. टाके घातल्यावर एक-दोन दिवसांनी जखमेभोवती काळंनिळं पसरत गेलं किंवा रक्त झिरपायला लागलं तर थांबू नका. ग्रेहाउंडमध्ये असा उशिरा सुरू होणारा रक्तस्राव ओळखीचा आहे आणि त्यावर औषध आहे.

शहाबादी फरशीवर झोपणाऱ्या कारवानच्या कोपरांना घट्टे पडतात, पाणी धरतं. दोन पोती एकावर एक टाकली तरी पुरतं.

पळणं किती?

मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्या कुत्र्याला घरच्या कुत्र्याच्या दीडपट खाणं लागू शकतं, तेव्हा मापाचा हट्ट धरू नका. खाल्ल्यावर मात्र तासभर तरी पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्यात जठराला पीळ बसण्याची भीती असते. आणि "सशामागे सोडला की अंग भरतं" हा सल्ला जुन्या लोकांकडून मिळेल. ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुत्र्याला पळवायचं तर मोकळ्या, कुंपण असलेल्या जागेत पळवा. अरुंद डोक्यातून साधा पट्टा सहज निसटतो आणि पुढे रस्ता असतो.

वाट बघायची नाही अशा वेळा

पोट ढोलासारखं फुगलंय, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, बसवत नाही की उभं राहवत नाही: जठराला पीळ बसलेला असू शकतो, रात्र असो वा पहाट, लगेच निघा. हिरड्या किंवा पापणीचा आतला भाग कागदासारखा पांढरा, लघवी कॉफीच्या रंगाची, नाकातून रक्त, दोन दिवस अन्नाला तोंड नाही, किंवा महिन्याभरात वजन दहा टक्क्यांनी उतरलंय, यातलं काहीही असेल तर टॉनिकची बाटली बाजूला ठेवा आणि वजनाची वही, तो जुना कागद आणि ताज्या विष्ठेचा नमुना घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.